मेडिकलच्या काउंटरवर नेमकं काय तपासलं जातं?

मेडिकल उघडायचं म्हटलं की कागदांचा ढीग लागतो. किमान १० चौरस मीटर जागा, त्या जागेचा मालकी हक्क किंवा भाडेकरार, नकाशा, फ्रिज घेतल्याचं बिल, नोंदणीकृत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र आणि त्याचं नेमणूकपत्र. हे सगळं अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे गेलं, औषध निरीक्षक जागा पाहून गेले, की फॉर्म २० आणि फॉर्म २१ मधले परवाने हातात पडतात आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर चौकटीत लागतात. त्यानंतर त्या दुकानातून रोज शे-दोनशे माणसं औषधं घेऊन जातात. त्यांपैकी किती जणांना चिठ्ठीवर होतं तेच औषध, त्याच ताकदीचं, कसं घ्यायचं ते नीट सांगून मिळालं, याची नोंद ठेवणारी वही मात्र कायद्यानं कुठंच सांगितलेली नाही.

औषध दुकानांच्या सुरक्षिततेबद्दल आपल्याकडे गेली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं जे ठरवलं आणि तपासलं गेलं, ते जवळपास सगळं डबीतल्या औषधाबद्दल आहे. ती डबी फार्मासिस्टच्या हातातून पेशंटच्या हातात जाते त्या दोन मिनिटांबद्दल फार थोडं लिहिलं गेलं, आणि जे लिहिलं ते तपासायला कुणी येत नाही.

याला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानच्या बाजारात बाहेरून येणाऱ्या आणि इथंच बाटलीत भरल्या जाणाऱ्या औषधांना धड बंधन नव्हतं. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या औषध चौकशी समितीनं १९३०-३१ मध्ये याचा तपास केला. औषधांवर कायदा हवा आणि औषध देणारा माणूस शिकलेला हवा, असा तिच्या शिफारशींचा गाभा होता. पहिली गोष्ट १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम यांत उतरली. दुसरीला १९४८ चा फार्मसी कायदा मिळाला. औषधाचा परवाना एफडीएच्या हातात आणि माणसाची नोंदणी राज्य फार्मसी कौन्सिलच्या हातात, अशी वाटणी तेव्हा झाली ती अजून तशीच आहे. माझ्या मते निम्मा घोळ तिथंच आहे. दुकानात काही बिघडलं की एफडीए परवान्याकडे बघतं, कौन्सिल नोंदणीकडे बघतं, आणि पेशंटला ग्राहक आयोगाचा रस्ता धरावा लागतो.

डबीची भीती खोटी नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं मग रुग्णालयापासून एफडीएपर्यंत आणि मंत्रालयापर्यंत सगळ्यांचीच झाडाझडती घेतली. त्या ग्लिसरीनमध्ये होतं डायएथिलीन ग्लायकॉल. त्यानंतर ३९ वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली मुलं किडन्या निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या सिरपमध्ये तेच विष सापडलं, ४८.६ टक्के. मर्यादा आहे ०.१ टक्का. वीसहून अधिक मुलं गेली.

काउंटरवरच्या माणसाला हे विष ओळखता येणं शक्यच नव्हतं. त्याला रंग नाही, वास नाही, आणि चव गोडसर. तेव्हा दुकानदाराचा यात काय दोष, असं कुणी म्हणेल तर ते बरोबर आहे. पण याच घटनेला एक दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. त्या सिरपमध्ये पॅरासिटामॉलबरोबर क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन ही दोन औषधं होती. या दोहोंच्या मिश्रणाबद्दल केंद्राच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच राज्यांना कळवलं होतं की चार वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये आणि तसा इशारा लेबलवर छापावा. दगावलेल्यांत बहुतेक मुलं पाच वर्षांखालची होती. चिठ्ठी डॉक्टरांची होती हे खरं. पण ‘बाळ किती वर्षांचं आहे?’ एवढा एक प्रश्न काउंटरवर विचारायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा, याला फार्मसीच्या शिक्षणात औषधयोजनेची तपासणी म्हणतात. ती झाली असती तर विष ओळखू न येताही काही बाटल्या कपाटातच राहिल्या असत्या.

खराब माल परत मागवण्याची व्यवस्था कागदावर चांगली आहे. जिवाला धोका असेल तर २४ तासांत, फार तर ७२ तासांत माल विक्रीतून काढायचा. हा निरोप कंपनीकडून स्टॉकिस्टला आणि तिथून दुकानाला जातो. दुकानातून घरी मात्र जात नाही, कारण बिलावर पेशंटचं नाव ‘कॅश’ एवढंच असतं. ज्या दुकानात संगणकावर बिल होतं आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर घेतला जातो, तिथं एका बॅचच्या बाटल्या कुणाकुणाकडे गेल्या हे पाच मिनिटांत निघतं. इतकी साधी गोष्ट आपण मानक म्हणून अजून लावून धरलेली नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड आला. काउंटरवर तो स्कॅन करून बघणारा फार्मासिस्ट मी तरी अजून पाहिलेला नाही.

आणि बनावट किंवा दर्जाहीन औषधांचा बाजार खरोखर केवढा आहे? २०१४ ते २०१६ या काळात नोएडाच्या राष्ट्रीय संस्थेनं देशभरातून ४७ हजारांवर नमुने तपासले. किरकोळ दुकानांतल्या नमुन्यांपैकी ३.१६ टक्के दर्जाहीन निघाले. सरकारी पुरवठ्यातून घेतलेल्यांपैकी १०.०२ टक्के. म्हणजे कोपऱ्यावरचं मेडिकल सरकारी भांडारापेक्षा बरं ठरलं. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत स्टार्च आणि टाल्कम पावडर सापडल्याचं प्रकरण ताजं आहे, आणि तो मालही खरेदीच्या निविदेतून आला होता, दुकानातून नव्हे. त्यामुळे ‘मेडिकलवाले डुप्लिकेट विकतात’ हा पारावरचा आरोप सरसकट करायला आधार नाही.

खरा प्रश्न माणसाचा आहे. कायदा सांगतो की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं गेलं पाहिजे. फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमात इतर कुणी ते दिलं तर तुरुंगवासाची तरतूद आहे. प्रत्यक्षात सर्टिफिकेट भाड्यानं देणं हा राज्यात वर्षानुवर्षं उघड चाललेला व्यवहार आहे. डी.फार्म. झालेला मुलगा पुण्यात कंपनीत नोकरी करतो, त्याचं प्रमाणपत्र गावाकडच्या दुकानात लटकतं आणि महिन्याला ठरलेली रक्कम त्याच्या खात्यावर जमा होते. दुकानात उभा असतो तो दहावी-बारावी झालेला, हाताला चपळ, ब्रँडची नावं तोंडपाठ असलेला पोरगा. त्याला तुच्छ लेखायचं कारण नाही; कोणतं औषध कुठल्या खणात आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. पण दोन औषधं एकत्र घेतली तर काय होईल, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना, म्हणजे २०११ नंतरच्या तीन वर्षांत, हा प्रश्न पहिल्यांदा जोरात हाताळला गेला. फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांचे परवाने निलंबित होऊ लागले, काही कायमचे रद्द झाले. केमिस्टांची संघटना संतापली; डिसेंबर २०१३ मध्ये राज्यभर दुकानं बंद ठेवली गेली. आयुक्त बदलले, मोहीम ओसरली. तरी तिचा परिणाम पूर्ण पुसला गेला नाही. निरीक्षक आले आणि फार्मासिस्ट जागेवर नसला तर काय होतं, ही धास्ती त्यानंतर शहरांतल्या दुकानांत बऱ्यापैकी टिकली.

धास्तीचा उलटा परिणामही याच राज्यानं पाहिला. बीडमधल्या स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रकरणांनंतर २०११-१२ मध्ये गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर एफडीएनं करडी नजर ठेवली. वास्तविक या गोळ्या गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांत वापरायच्या, तेव्हा सोनोग्राफीत लिंग कळतच नाही. पण एकेका गोळीचा हिशेब मागितला जाऊ लागल्यावर बहुतेक दुकानांनी त्या ठेवणंच बंद केलं. कायदेशीर, सुरक्षित औषध चिठ्ठी असूनही मिळेना. दुकानदाराच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं गणित चोख आहे: ज्या मालावर नफा थोडा आणि नोटिशीची भीती मोठी, तो माल ठेवायचाच कशाला?

पैशांचं गणित समजून घेतल्याशिवाय या विषयात एक पाऊलही पुढे जाता येत नाही. सरकारनं किंमत बांधलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा धरलेला आहे. इतरांवर बाजाराचा रिवाज २० टक्क्यांचा. त्यातून भाडं, वीज, फ्रिज, पोऱ्यांचे पगार, एक्सपायरी होऊन अडकलेला माल आणि समोरच्या नव्या साखळी दुकानानं लावलेल्या सवलतीच्या पाटीला द्यावं लागणारं उत्तर. पूर्णवेळ फार्मासिस्टचा पगार यात बसवणं छोट्या दुकानाला जड जातं. आणि त्या फार्मासिस्टनं पेशंटला पाच मिनिटं बसवून औषध समजावलं, तर त्या पाच मिनिटांचा मोबदला शून्य. युरोपातल्या अनेक देशांत विक्रीच्या नफ्याखेरीज प्रत्येक चिठ्ठीमागे औषध देण्याचं वेगळं शुल्क मिळतं. आपल्याकडे जास्त विकलं तरच जास्त मिळतं. अशा व्यवस्थेत ‘हे औषध तुम्हाला नको, नुसतं मीठ-साखर-पाणी घ्या’ असं सांगणारा फार्मासिस्ट स्वतःच्या खिशाला चाट लावत असतो.

हे केवळ तर्कानं म्हणत नाही. दिल्ली, मुंबई आणि पाटणा इथल्या ६२२ दुकानांत संशोधकांनी प्रशिक्षित माणसं पेशंट म्हणून पाठवली होती. ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये २०१६ मध्ये तो अभ्यास छापून आला. पहिला ‘पेशंट’ दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप सांगायचा. दुसरा तेच सांगून थुंकीत क्षयाचे जंतू सापडल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल दाखवायचा. पहिल्याला काहीही न खपवता डॉक्टरकडे पाठवणारी दुकानं फक्त १३ टक्के निघाली. अहवाल पाहिल्यावर मात्र हे प्रमाण ६२ टक्क्यांवर गेलं आणि प्रतिजैविकं देण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. क्षयाची मुख्य औषधं तर एकाही दुकानानं परस्पर दिली नाहीत. दुकानदाराला वाईट ठरवून मोकळं होणाऱ्यांनी हा अभ्यास वाचायला हवा. तशाच दुकानांत समोर नेमकी माहिती आली की शहाणपणानं वागलं जातं. प्रश्न विचारून ती माहिती काढून घेण्याची सवय मात्र नाही, आणि तिची मागणीही कुणी करत नाही.

आता प्रत्यक्ष काउंटरवर येऊ. संध्याकाळी सात ते नऊ, आसपासचे दवाखाने सुरू, काउंटरपुढे दोन रांगा. अशा वेळी चुका कशा होतात याची तीन उदाहरणं.

लहान मुलांच्या तापाचं पॅरासिटामॉल दोन रूपांत येतं. सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास औषध असतं. ड्रॉप्स तान्ह्या बाळांसाठी, म्हणून कमी द्रवात जास्त औषध: एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. घरी आधीपासून सिरप द्यायची सवय असलेल्या आईला या वेळी ड्रॉप्सची बाटली मिळाली आणि कुणी काही सांगितलं नाही, तर ती नेहमीच्या चमच्यानं ५ मिलिलिटर देते. बाळाच्या पोटात जातात ५०० मिलिग्रॅम. चौपट. बाटली अस्सल, मुदतीतली, बिलासकट दिलेली. निरीक्षकाच्या तक्त्यात इथं एकही दोष सापडणार नाही.

दुसरं इन्सुलिनचं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची सिरिंज. १०० युनिटची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी पिशवीत गेली, तर २० च्या रेघेपर्यंत ओढलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात ५० युनिट भरतं. पहाटे साखर उतरून माणूस बेशुद्ध सापडतो आणि घरचे समजतात की रात्री जेवण कमी झालं.

तिसरं उदाहरण सगळ्यात धोक्याचं. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि त्याच्या जोडीला इतर दिवशी फॉलिक ॲसिड देतात. मेथोट्रेक्सेटचा एक प्रचलित ब्रँड आहे फॉलिट्रॅक्स. फॉलिक ॲसिडचा प्रचलित ब्रँड फॉलव्हाइट. एक विषारी औषध, दुसरं निरुपद्रवी जीवनसत्त्व, दोघांची सुरुवात सारखी, आणि एकाच चिठ्ठीवर दोघं खाली-वर लिहिलेली. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घसरतात, माणूस दगावूही शकतो. जगभरच्या औषधचुकांच्या नोंदींत ही चूक वारंवार आढळते. पाकिटावर पेननं ‘फक्त सोमवारी’ असं मोठ्या अक्षरात लिहायला अर्धं मिनिट लागतं. काही दुकानांत हे नेमानं करतात. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटाच्या कडेला कात्रीनं खाच पाडून देणारेही आहेत. ही हुशारी त्या त्या माणसाची. ती कुठल्या मानकात बसवलेली नाही.

नावांच्या घोटाळ्याकडे सर्वोच्च न्यायालयानंही गंभीरपणे पाहिलं आहे. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियावरच्या दोन औषधांच्या नावांवरून कॅडिला नावाच्याच दोन कंपन्या भांडत होत्या. २००१ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की औषधांच्या बाबतीत नामसादृश्याची कसोटी इतर मालापेक्षा कडक हवी, कारण इथं गोंधळ झाला तर जीव जातो. त्यानंतरही नव्या ब्रँडचं नाव आधीच्यांशी मिळतंजुळतं आहे का, हे काउंटरवर होणाऱ्या चुकांच्या अंगानं काटेकोर तपासलं जातं असं बाजार पाहून वाटत नाही.

नियमांचा आणखी एक तिढा आहे. १९४५ च्या नियमांतला ६५ (११ अ) हा नियम म्हणतो की चिठ्ठीवरच्या शेड्यूल एच किंवा एक्समधल्या औषधाऐवजी दुसरं काही देऊ नये, घटक तेच असले तरी. म्हणजे डॉक्टरांनी ब्रँड लिहिला आणि फार्मासिस्टनं तोच घटक असलेलं स्वस्त जेनेरिक दिलं, तर नियमभंग. एकीकडे सरकार जनऔषधी केंद्रं काढतं, डॉक्टरांना जेनेरिक नावं लिहायला सांगतं, आणि दुसरीकडे ज्या माणसाला दोन्ही गोळ्या सारख्या आहेत हे कळतं त्याचे हात बांधतं. अर्थात रोज हजारो दुकानांत ‘हे नाही, पण कंपनी दुसरी आहे, चालेल का?’ असं विचारून औषध बदललं जातंच. जो नियम सगळेच मोडतात तो बदलून, कोणतं औषध कशानं बदलायचं याची यादी करणं जास्त सुरक्षित ठरेल.

प्रतिजैविकांचं घ्या. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ लागू झालं. सुरुवातीला ४६ औषधं: वरच्या श्रेणीची प्रतिजैविकं, क्षयाची औषधं, सवय लावणाऱ्या काही गोळ्या. ही देताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची आणि ते तीन वर्षं जपायचं. २०१६ पासून पाकिटावरच्या लाल रेघेबद्दल जाहिरातीही झाल्या. तरी ‘घसा धरलाय, अझिथ्रोच्या तीन गोळ्या द्या’ म्हटलं की कितीतरी काउंटरवर त्या मिळतात. रजिस्टर बहुतेक ठिकाणी असतं. ते महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच शाईनं भरलेलं असतं. केरळनं २०२४ च्या सुरुवातीला ‘ऑपरेशन अमृत’ नावानं अचानक धाडी घालून आणि लोकांनाच तक्रार करायला सांगून यात बराच फरक पाडला. आपल्याकडे झोपेच्या गोळ्यांवर कारवाई होते ती मालेगावची ‘कुत्ता गोळी’ किंवा छत्रपती संभाजीनगरची ‘बटन’ पोलिसांच्या छाप्यात सापडली की. तो नशेचा बाजार झाला. घशासाठी घेतलेल्या अर्धवट कोर्सचा गुन्हा कुठल्या ठाण्यात नोंदवणार?

साठवणुकीबद्दल थोडक्यात. औषधांच्या पाकिटावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या वर असतो आणि वर पत्रा असलेल्या दुकानात रात्रीही घाम फुटतो. परवान्यासाठी फ्रिजचं बिल मागतात, वातानुकूलनाचं कुणी विचारत नाही. फ्रिजचीही गोष्ट वेगळीच. इन्सुलिन आणि लसींना २ ते ८ अंश हवेत. घरगुती फ्रिजच्या दारात ते मिळत नाहीत आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटलेलं इन्सुलिन गोठून निकामी होतं. दिसायला मात्र ते पुन्हा पाण्यासारखं होतं. किमान-कमाल तापमान दाखवणारं थर्मामीटर आणि दिवसातून दोनदा नोंद, याला येणारा खर्च एका मोठ्या चिठ्ठीच्या बिलाइतकाही नाही.

चांगलं दुकान कसं असावं हे कुणालाच ठाऊक नाही अशातला भाग नाही. आंतरराष्ट्रीय फार्मास्युटिकल फेडरेशननं १९९३ मध्ये उत्तम औषध-सेवेची तत्त्वं मांडली. जागतिक आरोग्य संघटनेबरोबर त्यांची सुधारित आवृत्ती २०११ मध्ये आली. मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशननं २००२ मध्ये भारतासाठी मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. २०१५ मध्ये भारतीय फार्मसी कौन्सिलची विनियमावली आली. तिच्यात चिठ्ठी तपासण्यापासून चुकलेल्या डोसचं काय करायचं हे सांगण्यापर्यंत फार्मासिस्टची कामं लिहिलेली आहेत. पणजीतल्या हिंदू फार्मसीसारख्या दुकानानं समुपदेशन हा रोजच्या कामाचा भाग करून दाखवला आहे. म्हणजे नमुना गोव्यात आहे, कागद दिल्लीत आहे आणि तपासणीचा तक्ता अजून १९४५ च्या नियमांचाच आहे. निरीक्षकांनी वर्षातून किमान एकदा दुकान पाहावं हा नियम. माशेलकर समितीनं २००३ मध्ये दर २०० दुकानांमागे एक निरीक्षक असावा असं म्हटलं. राज्यातली दुकानं लाखाच्या आसपास धरली तर नुसत्या दुकानांसाठीच पाचशे निरीक्षक लागतील. मंजूर पदं त्याच्या जवळपासही नाहीत, आणि त्यांतलीही कित्येक रिकामी.

अशा स्थितीत आणखी कडक शिक्षा, आणखी एक रजिस्टर, ही मागणी मला पटत नाही. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये एका फार्मासिस्टच्या हातून प्रेडनिसोलोनऐवजी प्रोप्रॅनोलोल दिलं गेलं आणि पुढे पेशंट दगावली. त्या फार्मासिस्टला फौजदारी शिक्षा झाली. परिणाम असा की बाकीचे चुका लपवू लागतील अशी चिंता सगळ्या व्यवसायात पसरली. शेवटी २०१८ मध्ये कायदा बदलून, अनवधानानं झालेली आणि प्रामाणिकपणे कळवलेली चूक फौजदारी गुन्हा ठरू नये अशी सोय केली गेली. महाराष्ट्रात आज दुकानदारानं स्वतःहून ‘माझ्याकडून चुकीचं औषध गेलं’ असं कुठं कळवायचं ठरवलं तर त्याला नोटीस मिळण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा चुका कळवण्याची निर्भय वही, औषध समजावण्याचं अल्पसं का होईना पण अधिकृत शुल्क, आणि निरीक्षकानं परवान्याच्या चौकटीइतकाच वेळ काउंटरवर उभं राहून दहा गिऱ्हाइकांना काय सांगितलं जातं हे ऐकणं, या तीन गोष्टी आधी व्हाव्यात. सर्टिफिकेट भाड्यानं देणाऱ्याची नोंदणी कौन्सिलनं रद्द करावी हे त्यात धरलेलंच आहे, डी.फार्म.च्या ५०० तासांच्या प्रशिक्षणावर दुकानाचा नुसता शिक्का मारून देणाऱ्यांनाही त्यातून सोडू नये.

तोवर वाचकांनी एवढं करावं. बिल घ्या आणि त्यावरचा बॅच नंबर पाकिटावरच्याशी जुळवून पाहा. पाकीट कापून घेतलंत तर मुदतीची तारीख असलेला तुकडा मागून घ्या. प्रत्येक औषध कशासाठी, किती वेळा, किती दिवस, हे काउंटर सोडण्यापूर्वी विचारा; उत्तर देणारा फार्मासिस्ट आहे का, हेही विचारा, त्यात संकोचायचं काही नाही. आणि औषधानं त्रास झाला तर राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवा. ही नोंद करायला डॉक्टर असावं लागत नाही.